ऑर्फियस पालथा झोपला होता

उभ्या नोकरीत मी कुठलं वाक्य सर्वांत जास्त वेळा बोलले असेन, तर "मान खाली ठेवा." मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत. ओमानमध्ये, मस्कतच्या एका हॉस्पिटलात, डोळ्यांच्या वॉर्डात मी सिस्टर होते. शहरातल्या रुवी भागातल्या माझ्या घरी पोचले तरी जिभेला तीच सवय. एकदा नवरा जेवताना टीव्ही बघत होता, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "मान खाली!" बिचारा मुकाट्याने ताटात बघून जेवला.

लोकांना वाटतं, डोळ्यांचा वॉर्ड म्हणजे आरामाची नोकरी. रक्त नाही, आरडाओरडा नाही. खरं आहे. पण पट्टी सोडायच्या सकाळी पेशंटसमोर एकदा उभं राहून बघावं.

आमचं काम सोप्या शब्दांत सांगते. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला एक पातळ पडदा असतो. आपल्याला दिसतं ते त्याच्या जिवावर. कधी मार लागून, कधी काही कारण नसताना तो सुटतो, ओल आलेल्या भिंतीचा रंग पोपडा धरून सुटतो तसा. डॉक्टर तो परत बसवतात आणि जागेवर राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर जाणार आणि पडदा तर मागे. मग बुडबुड्याने पडदा दाबून धरायचा, तर माणसानेच पालथं व्हायचं. तोंड जमिनीकडे. जेवताना, चालताना, झोपताना, दिवसेंदिवस. मान वर केली की बुडबुडा सरकला, आणि पडदा पुन्हा सुटला तर सगळी मेहनत पाण्यात.

यासाठी परदेशात म्हणे खास खुर्च्या असतात. आमच्याकडे सुरुवातीला उशा होत्या, आणि उशीत नाक दाबलं जाऊन पेशंट गुदमरायचे. मी चादर पिळून तिची चुंबळ केली, डोक्यावर हंडा ठेवायला बायका करतात तशी, आणि खाटेच्या टोकापुढे थोडं अंतर सोडून ठेवलेल्या स्टुलावर ती कपाळाखाली दिली. नाक मोकळं, डोळा मोकळा, खाली फरशी. केरळच्या सिस्टर तिला 'मराठी रिंग' म्हणायच्या. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या घड्याळापेक्षा मला त्या नावाचं जास्त कौतुक आहे.

दुसरा नियम विमानाचा. गॅस डोळ्यात असेपर्यंत उंचावर जायचं नाही. वर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि आतून डोळा दाबून टाकतो. नजर गेली की गेली. विमानच कशाला, डोंगरसुद्धा नको. डोंगरातल्या गावचे एक शिक्षक पेशंट होते. घरी जाताना मी त्यांना तीनदा बजावलं, त्यांनी तीनदा मान हलवली. भावाच्या लग्नासाठी घाट चढून गेले, आणि परत आले ते त्याच भावाचा हात धरून. त्यांना मी आणखी कोणत्या शब्दांत सांगायला हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दत्ताराम आले ते सोहारहून. तिथलं बंदर तेव्हा उभं राहत होतं. ते क्रेनवाल्यांचे फोरमन. मूळचे गुहागरकडचे. उजवा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला, आणि आता डाव्याचा पडदा सुटलेला. म्हणजे आमच्या हातात त्या माणसाची होती नव्हती तेवढी सगळी नजर होती. आमचे डॉक्टर सुदानचे, आवाज मऊ आणि शिस्त कडक. ऑपरेशन चांगलं झालं. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "सिस्टर, माझं काम संपलं. आता मानेचं काम."

दत्तारामांची बायको गावी होती. सासू, म्हणजे दत्तारामांची आई, अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती आधीच तिकडे गेली होती. सोबत आली होती बारावीतली मुलगी, सायली. मस्कतमध्ये तिचं नात्याचं कुणी नव्हतं, म्हणून तिला मी माझ्या घरी ठेवून घेतलं. परमुलखात मराठी माणूस असं करतोच. रोज दुपारी भेटीच्या वेळी ती वॉर्डात यायची, बाबांच्या खाटेशेजारी फरशीवर बसायची आणि पुस्तक वाचायची.

एकदा दत्ताराम चुंबळीतून म्हणाले, "मनात काय वाचतेस? मोठ्यान वाच. मला दिवसभर फरशीशिवाय काय नाय बघायला."

"पप्पा, ही माझी स्कूलची नॉव्हेल आहे. इंग्लिश आहे."

"मग मराठीत सांग."

सायलीचं मराठी चाचपडत चालायचं. मैत्रिणींशी इंग्रजी, घरी निम्मं निम्मं. पण ती सांगू लागली. कादंबरी आजच्या काळातली, कुठल्याशा बंदराच्या शहरातली. तिच्या टीचरने प्रोजेक्ट दिला होता : या कादंबरीत ग्रीक पुराणातल्या व्यक्तींचं महत्त्व काय? कादंबरीत एक लिफ्टमन होता, हॉस्पिटलातून प्रेतं तळघरात नेणारा. तो खरा कोण, तर मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी. आणि एक ट्रक ड्रायव्हर होता, सुंदर गाणारा, ज्याची बायको अपघातात गेलेली. तो म्हणजे ऑर्फियस.

"पप्पा, ऑर्फियस इतका छान गायचा ना, की तो डेड लोकांच्या दुनियेत गेला आणि तिथला किंग रडला. म्हणाला, घेऊन जा तुझ्या बायकोला. ओन्ली एक अट. ती तुझ्या मागून चालेल. वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही."

पलीकडच्या खाटेवर खाबुरा गावचे एक हाजी होते. तरुणपणी मुंबईच्या गोदीत काम केलेले, त्यामुळे हिंदी झकास आणि मराठीही बरंच कळायचं. एका डोळ्यावर पट्टी बांधून ते कोपरावर उठले. "फिर? देखा उसने?"

"देखा, हाजी."

"या अल्ला," हाजी म्हणाले आणि परत आडवे झाले.

मी बौद्ध घरातली. देवांच्या गोष्टींचं आमच्याकडे कौतुक नाही, आणि परक्या देवांचं तर त्याहून नाही. औषध घालता घालता मी म्हटलं, "आजच्या ड्रायव्हरची गोष्ट लिहायची तर सरळ लिहावी. त्याच्या मागे ते जुने देव कशाला लावायचे?"

उत्तर दत्तारामांनी दिलं. "सिस्टर, आमच्या गावच्या नमनात, शिमग्याच्या खेळात, सखाराम रावण व्हायचा. दहा तोंडं लावून आला की पोरं चळाचळा कापायची. सकाळी तोच सखाराम वहाळावर म्हशी धुताना दिसायचा. पण आम्हाला नुसता सखाराम परत कधी दिसलाच नाय. म्हशी धुताना पण रावणच दिसायचा. तसं आसंल."

सायली ते लगेच इंग्रजीत लिहून घ्यायला लागली. मी नाक मुरडून पुढच्या खाटेकडे गेले, पण गोष्ट माझ्याबरोबर आली.

मग गणपत आला. गणपत दत्तारामांच्या वाडीतला, रुवीला एसी दुरुस्तीचं काम करायचा. भेटीच्या वेळी खाटेशी येऊन उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर. म्हणाला, "दत्ताभाऊ, गावावरनं फोन होता. म्हातारी सिरीयस हाय."

दत्तारामांनी चुंबळीत कपाळ नीट टेकवलं. मग म्हणाले, "बरं."

बस, एवढंच. ना कसं, ना काय. मला तो माणूस मोठा खंबीर वाटला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटात खीर होती. त्यांनी वाटी हाताने बाजूला सारली. "सिस्टर, गोड नको. सुतक हाय."

"कुणाचं?"

"आयचं."

आखातात न राहिलेल्या वाचकांना हे सांगायला हवं. तिथे घरून कुणी गेल्याची बातमी फोनवर कधी सरळ देत नसत. इतक्या लांब एकटा माणूस, ऐकून काही करून घेईल, या काळजीने सांगायचे, 'सिरीयस आहे, निघून ये.' माणूस विमानात बसायचा आणि खरं काय ते गावच्या फाट्यावर उतरल्यावर कळायचं. हे इतकं चालायचं की 'सिरीयस' या शब्दाचा अर्थच 'गेली' असा झाला होता. वॉर्डात मी माणसं पाहिली आहेत, 'बाप सिरीयस' ऐकून तिथेच हंबरडा फोडणारी. दत्तारामांनीही तोच अर्थ घेतला. आई गेली, आता घाई कशाची, डोळा तरी वाचवू, असा हिशोब करून ते पालथे पडून राहिले.

त्या संध्याकाळी सायलीने माझ्या घरून गावी फोन लावला. शेजारी गुरुजींकडे फोन होता. तिची आई आली आणि म्हणाली, "अगो, जिती हायत आजी. खरंच सिरीयस हायत, पण जित्या हायत. सारखं इचारतायत, दत्ता निघाला काय?"

सायलीने फोन ठेवून मला सगळं सांगितलं. मी गणपतला बोलावून घेतलं. तो ऐकून डोक्याला हात लावून बसला. "आता खरं सांगितलं तर भाऊ उठणार. पासपोर्ट घेऊन सरळ विमानतळ गाठणार. सिस्टर, आसू द्या तसंच. आज ना उद्या ते खरंच होनार हाय."

माझं मतही गप्प बसण्याचंच होतं. त्या शिक्षकांचा भावाच्या हातात दिलेला हात माझ्या डोळ्यांसमोर होता. आईला बघायला गेलेला माणूस आंधळा होऊन तिच्यासमोर उभा राहणार, मग जाऊन मिळवायचं काय? नर्सने डोळा सांभाळायचा. ते मत चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

सायली म्हणाली, "आँटी, ऑर्फियस का वळला?"

"आता त्या ऑर्फियसला राहू दे गं बाई."

"नाही आँटी, ऐका. सगळे म्हणतात त्याला पेशन्स नव्हता. टीचर पण म्हणते. पण तसं नाही. मागून आवाजच येत नव्हता. ती डेड होती ना, तिची पावलं वाजत नव्हती. त्याला वाटलं, ती मागे नाहीच. त्याने ट्रस्ट करायचं तर कशावर? नॉव्हेलमध्ये पण ड्रायव्हर सारखा विचारतो, 'तू आहेस ना?' आणि मागून कोणी बोलत नाही. मग तो मिररमध्ये बघतो."

"बरं, मग?"

"पप्पा पण तेच करतायत. त्यांना वाटतं आजी नाहीच. जिवंत आजीचं सुतक पाळतायत, आँटी!" तिचा आवाज फुटला. "आजीला बोलू द्यायला पाहिजे. ऑर्फियसची बायको बोलली असती तर तो वळला नसता."

 आमच्या घरात ज्या गोष्टींना थारा नव्हता, त्यातली एक गोष्ट त्या क्षणी माझ्या स्वयंपाकघरात चक्क उभी होती. मी एवढंच म्हटलं, "आणि वळले तर?"

"वळले तर माझी चूक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते सुदानी, त्यांची स्वतःची आई खार्टूमपलीकडच्या गावात. त्यांनी खिशातून आपला मोबाइल काढला, तेव्हा तो फार थोड्यांकडे असायचा, आणि माझ्या हातात दिला. "मी पलीकडे उभा राहतो. त्याने मान उचलली तर मी धरीन," म्हणाले.

तिकडे गुरुजींनी फोनला लांब वायर जोडून तो अंगण ओलांडून आजीच्या उशाशी नेला होता. सायली खाटेच्या खाली शिरली. फरशीवर बसून तिने फोन बाबांच्या कानाला लावला. "पप्पा, हलू नका. आजी आहे. रिअली आहे. सिरीयस म्हणजे सिरीयसच."

दत्तारामांची पाठ ताठ झाली. दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या गेल्या. डॉक्टर एक पाऊल पुढे आले. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, चिरका, लांबचा, पण मलाही ऐकू येण्याइतका. "दत्ता? कसा हाय रं डोला?"

"आय!" तो माणूस लहान पोरासारखा रडला. "आय, मी येतो. आजच येतो."

"येव नको! सूनबायनं सांगलाय मला. मान वर केलीस तर डोला जाल. आंधला येऊन काय बगशील माजं? थय ऱ्हा पालथा. मी हाय हितं."

"तू ऱ्हाशील?"

"ऱ्हाते. बोल तू."

मान उचलली गेली नाही. पाठीवर माझा हात होता, आणि त्या पाठीत काय चाललं होतं ते मला तळव्याला कळत होतं. उठण्यासाठी सगळं शरीर गोळा होत होतं आणि मान त्याला उठू देत नव्हती. मी हजारो पेशंटना मान खाली ठेवायला सांगितलं असेल. मान खाली ठेवणं म्हणजे काय, ते मी त्या दुपारी पाहिलं. हाजी आपल्या खाटेवर उठून बसले होते आणि त्यांची माळ हातात तशीच थांबली होती.

मग रोज दुपारी फोन व्हायला लागला. डॉक्टर यायचे, मोबाइल द्यायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. आजी थकली होती पण बोलायची. फणस धरलाय. पांढरी कोंबडी शेजारी जाऊन अंडी घालते, निमकहराम. धाकट्या लेकाने कौलं शेकारली नाहीत अजून. आणि मधूनच विचारायची, "हाय ना मान खाली?" दत्ताराम फरशीकडे बघून "हाय, आय" म्हणायचे. वॉर्डातले इतर पेशंट त्या वेळेला आपोआप गप्प होत. भाषा कळणारे दोघंतिघंच, पण सगळे ऐकत. एका बलुची म्हाताऱ्याने तर त्याच्या भेटीला आलेल्या पाहुण्यांना हाताने गप्प केलं.

एकदा आजीचे शब्द कमी झाले. "दत्ता," म्हणाली, आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला. दत्ताराम बोलत राहिले. क्रेनबद्दल, सायलीच्या परीक्षेबद्दल, हाजींनी दिलेल्या खजुराबद्दल. बोलता बोलता थांबले. पलीकडून बायकोचा आवाज आला. त्यांनीच विचारलं, "गेली?"

"व्हय. आत्ताच."

तिने 'सिरीयस' म्हटलं नाही. पालथ्या माणसाचे अश्रू गालावरून येत नाहीत, सरळ खाली पडतात. सायलीच्या ओढणीवर पडत होते. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, डॉक्टर बघत होते. मान तशीच होती. मग ते म्हणाले, "धाकट्याला सांग, अग्नी तूच दे. मी हितनं हात जोडतो." हाजींनी दोन्ही तळवे वर धरले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं.

सायलीने तिचा प्रोजेक्ट त्या दिवसांत पुरा केला. मला वाचून दाखवला, मधेमधे मराठी करून. तिने लिहिलं होतं की कादंबरीतला ड्रायव्हर एकटा असतो, पण ऑर्फियसमुळे आपल्याला कळतं की ही चूक त्याच्या आधी कुणीतरी केलेली आहे. वाचणाऱ्याला ती येताना दिसते, म्हणून वाचणारा तरी थांबू शकतो. तेवढ्यासाठी लेखकाला ही जुनी माणसं लागतात. नंतर टीचरने समासात विचारलं, हा विचार कुठल्या संदर्भग्रंथातला? पोरीने खाली लिहून दिलं, 'माय ग्रँडमदर, ऑन टेलिफोन.' मार्क किती मिळाले ते मी विचारलं नाही.

शेवटी मान वर करायची सकाळ आली. डॉक्टरांनी डोळा तपासला, पुन्हा तपासला आणि म्हणाले, "पडदा बसला आहे. विमान अजून नाही, गॅस थोडा शिल्लक आहे. पण आता मान वर करू द्या."

मी दत्तारामांच्या खांद्याला हात लावला. "दत्ताभाऊ, झालं. उठा. मान वर करा."

ते हलले नाहीत.

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगितलं. तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "नको सिस्टर. जरा राहू द्या. मान खाली हाय तवर आय बोलतेय असं वाटतं. वर केली म्हणजे संपलं."

 इतकी वर्षं खाली, खाली करत आले, वर कसं आणायचं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.  सायलीने चप्पल काढली आणि खाटेखाली शिरून फरशीवर उताणी झाली, बाबांच्या चेहऱ्याच्या बरोबर खाली. मग कोपरांवर जोर देऊन इतकी जवळ आली की दोघांची नाकं लागतील; गॅस असलेल्या डोळ्याला अगदी जवळचं तेवढंच नीट दिसतं.

"पप्पा, बोला. मी आहे. दिसते का?"

ते बघत राहिले.  मग म्हणाले, "नाकावर पुळी आलीय तुझ्या."

ती हसली, रडली, दोन्ही एकदम. आणि मग सरकत सरकत खाटेखालून बाहेर यायला लागली. गुडघ्यांवर आली, मग उभी राहू लागली, अगदी हळू. सगळा वेळ बोलत होती, काहीबाही, पुळीबद्दल, परीक्षेबद्दल. आणि तिचा चेहरा सुटू नये म्हणून त्यांची मान तिच्या मागोमाग वर येत गेली.